गर्दीतला मालक

शिकागोत जानेवारी महिना येतो तो हाडे गोठवणारी थंडी घेऊनच. मिशिगन सरोवरावरून येणारे वारे अंगाला सुयांसारखे बोचतात. बेसबॉलचे मैदान ओस पडलेले असते आणि नवा हंगाम सुरू व्हायला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो. अशा दिवसांत एका शुक्रवारी शहरातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दारात निळ्या टोप्या आणि निळे सदरे घातलेल्या माणसांची रीघ लागते. त्यात आजोबा असतात, नातवंडे असतात, कडेवरची तान्ही मुलेही असतात. शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचा हा वार्षिक मेळावा. रविवारपर्यंत त्या हॉटेलच्या जिन्यांवर, दालनांत, लिफ्टमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. सह्या घेण्यासाठी लांबच लांब रांगा लागतात. केस पांढरे झालेले निवृत्त खेळाडू चाहत्यांच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्रे काढून घेतात. व्यासपीठावर संघाचे प्रशिक्षक आणि कारभारी बसतात आणि समोरच्या गर्दीतला कोणीही उठून, अमका खेळाडू का सोडला, तमका का घेतला, असा जाब त्यांना विचारू शकतो.

खेळाडूंचे दर्शन पोलिसांच्या कड्यापलीकडूनच घ्यायची सवय असलेल्या आपल्याला याचे नवल वाटेल. हा मेळावा पहिल्यांदा भरला १९८६ साली. त्याच वर्षी २ जानेवारीला शिकागोतच एका ७१ वर्षांच्या माणसाने शेवटचा श्वास घेतला. मेळावा भरवण्यात त्याचा काही हात नव्हता. पण खेळ पाहणारा माणूस हा या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे आणि मालकाने त्याच्यात जाऊन मिसळले पाहिजे, हा विचार अमेरिकी बेसबॉलमध्ये ज्याने जन्मभर हट्टाने जगून दाखवला, तो हाच. त्याचे नाव बिल व्हेक. गर्दीवर इतके प्रेम करणारा मालक क्वचितच झाला असेल. आणि त्या प्रेमाची इतकी किंमतही क्वचितच कोणी मोजली असेल.

बिलचा जन्म शिकागोचाच, ९ फेब्रुवारी १९१४ चा. वडील वर्तमानपत्रात क्रीडावार्ताहर होते. कब्स संघ कसा चुकीच्या पद्धतीने चालवला जातो यावर ते परखडपणे लिहीत. च्युइंग गमच्या धंद्यात गडगंज झालेले रिग्ली हे त्या संघाचे मालक. टीकाकाराचे तोंड बंद करण्याचे अनेक मार्ग श्रीमंतांना ठाऊक असतात. रिग्लींनी त्यातला सर्वांत दुर्मिळ मार्ग निवडला. त्यांनी टीकाकारालाच संघात घेतले आणि १९१९ साली थेट अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले. या गृहस्थांनी बायकांसाठी मोफत प्रवेशाचे दिवस ठेवून अवघी कुटुंबे मैदानाकडे वळवली. त्यांच्या कारकिर्दीत संघाने १९२९ आणि १९३२ अशी दोनदा लीगची अजिंक्यपदे मिळवली.

अध्यक्षांचा मुलगा म्हणून बिलला राखीव कक्षात बसता आले असते. पण त्याचे बालपण गेले ते मैदानात खाद्यपदार्थ विकण्यात, तिकीटखिडकीवर आणि माळ्यांच्या हाताखाली. स्वस्त तिकीट काढून उन्हात बसणारा माणूस कशावर हसतो, कशावर चिडतो, कुठल्या क्षणी उठून घरी जातो, हे त्याने फेऱ्या मारता मारता पाहिले. १९३३ साली वडील रक्ताच्या कर्करोगाने गेले. बिल तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा होता. कॉलेज सोडून तो कब्सच्या कचेरीत नोकरीला लागला. रिग्ली फील्ड या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर आज जी हिरवीगार आयव्हीची वेल दिसते, ती १९३७ साली लावण्यात त्याचा पुढाकार होता. हाताने आकडे बदलायचा तिथला प्रचंड धावफलकही त्याच वर्षीचा. पाहुण्याला बोलवायचे तर आधी घर नीटनेटके करावे, इतका साधा हा विचार होता.

१९४१ साली त्याने एका जोडीदाराबरोबर मिलवॉकीचा दुय्यम दर्जाचा संघ विकत घेतला. संघ तळाला, तिजोरी रिकामी आणि मैदानात चिटपाखरू नाही. मग एकेक कल्पना निघू लागल्या. कधी प्रेक्षकाला जिवंत डुक्कर बक्षीस, कधी कबुतरे. तो महायुद्धाचा काळ होता. कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना संध्याकाळचा सामना पाहता येत नव्हता, म्हणून त्याने सकाळी सामने ठेवले आणि आलेल्यांना कॉर्नफ्लेक्सचा नाश्ता वाढला. यातली डुकरे तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. पण खरी गंमत नाश्त्यात आहे. कामगाराची झोप आणि भूक यांचा हिशेब करून सामन्याची वेळ ठरवणारा मालक त्याआधी कोणी पाहिला होता? संघही मागे राहिला नाही. १९४३ पासून सलग तीन वर्षे तो आपल्या लीगमध्ये पहिला आला.

तोवर व्हेक स्वतः नौसैनिकी दलात भरती होऊन प्रशांत महासागरातल्या बूगनव्हिल बेटावर पोहोचला होता. तिथे विमानविरोधी तोफेच्या झटक्याने त्याचा उजवा पाय चिरडला. १९४६ साली पाऊल कापावे लागले. पुढे जखम चिघळत वर सरकत गेली आणि आयुष्यभरात ३६ शस्त्रक्रिया झाल्या. लाकडी पाय बसवला तेव्हा त्याने मेजवानी दिली आणि त्या पायावर नाचून दाखवले. त्याला सिगारेटचे भारी व्यसन. त्या लाकडी पायात त्याने राख झाडण्यासाठी एक खोबण कोरून घेतली होती. दुःखाचे प्रदर्शन मांडायचे नाही, मांडायचाच तर त्याचा खेळ मांडायचा, हा त्याचा स्वभाव.

पाय गमावला त्याच वर्षी त्याने क्लीव्हलँडचा संघ घेतला. हा संघ आता गार्डियन्स या नावाने ओळखला जातो. कचेरीत शिरल्यावर त्याने पहिल्याप्रथम आपल्या खोलीचे दार काढून टाकले. फोन तो स्वतः उचलायचा. गळ्याला टाय कधी नाही. सामन्याच्या वेळी तो प्रेक्षकांत फिरायचा आणि कुठेही बसकण मारायचा. १९४७ च्या अखेरीस लू बुद्रो या लाडक्या कर्णधाराला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याचा त्याचा विचार चालला होता. ही बातमी फुटताच शहर खवळले. व्हेकने काय करावे? तो रात्री शहरातल्या गुत्त्यागुत्त्यांत गेला, रस्त्यात भेटेल त्याची माफी मागितली आणि बुद्रो कुठेही जाणार नाही असा शब्द दिला. पुढच्याच वर्षी बुद्रो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. लोक बरोबर होते, मालक चुकला होता.

पण लोक नेहमीच बरोबर असतात असे नाही आणि हेही व्हेकला कळत होते. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या संघातून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ही भिंत पहिल्यांदा फुटली. मात्र ती नॅशनल लीगची भिंत होती. दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये ते धाडस व्हेकने केले. ५ जुलै १९४७ रोजी त्याने लॅरी डोबीला क्लीव्हलँडकडून खेळवले. रॉबिन्सनला नेताना त्याच्या आधीच्या कृष्णवर्णीय संघाला छदामही मिळाला नव्हता. व्हेकने डोबीच्या नेवार्क संघाच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांच्याशी रीतसर सौदा केला आणि १५ हजार डॉलर मोजले. ज्यांच्या घरातून माणूस न्यायचा त्यांचा मान राखायचा, एवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

डोबीचे ते पहिले वर्ष फार कठीण गेले. स्वतःच्याच संघातल्या काहींनी त्याच्याशी हस्तांदोलन करायचे टाळले. पण १९४८ साली त्याची बॅट तळपली. त्याच वर्षी ७ जुलैला, म्हणजे ऐन ४२ व्या वाढदिवशी, सॅचेल पेज या कृष्णवर्णीय गोलंदाजाला व्हेकने करारबद्ध केले. ज्याचे उमेदीचे सारे आयुष्य वर्णभेदाने खाल्ले, तो हा थोर गोलंदाज. म्हाताऱ्याला आणून गर्दी जमवण्याचा हा तमाशा आहे, अशी टीका झाली. पेजने उरलेल्या हंगामात सहा सामने जिंकून दिले आणि एकच गमावला. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ८१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर डोबीने होमरन मारली आणि ती निर्णायक ठरली. सामन्यानंतर गोरा गोलंदाज स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी गालाला गाल लावून हसताहेत, असे एक छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर झळकले. ज्या गर्दीला हे दृश्य पाहायला नको होते, तिलाच व्हेकने ते पाहायला लावले. त्या वर्षी क्लीव्हलँडच्या मैदानात २६ लाखांहून अधिक तिकिटे खपली. तोवर कोणत्याही संघाने एका हंगामात एवढे प्रेक्षक पाहिले नव्हते. क्लीव्हलँडने तेव्हा जिंकलेली वर्ल्ड सिरीज ही त्या शहराची आजवरची शेवटची.

त्याच हंगामातली आणखी एक हकीकत. रात्रपाळीचा पहारेकरी असलेल्या एका चाहत्याने पत्र लिहून तक्रार केली, की खेळाडूंचे सत्कार तर नेहमीच होतात, पण पदरमोड करून येणाऱ्या साध्या प्रेक्षकाचा कधी कोणी सत्कार करते काय? दुसऱ्या मालकाने असे पत्र केराच्या टोपलीत टाकले असते. व्हेकने सप्टेंबरातली एक अख्खी संध्याकाळ त्या पहारेकऱ्याच्या नावाने साजरी केली. बायकांना वाटण्यासाठी हवाईहून विमानाने ऑर्किडची फुले आणली. पहारेकऱ्याला आधी गमतीच्या भेटी मिळाल्या. त्यात एक लाकडी संडास होता, एक खटारा मोटार होती, गुरेढोरेही होती. लोक पोट धरधरून हसले. आणि मग आली नवीकोरी फोर्ड मोटार. आजच्या चाहत्यांच्या मेळाव्यांचे मूळ शोधायचेच असेल तर ते या संध्याकाळपाशी शोधावे.

१९५१ साली तो सेंट लुईस ब्राउन्स या अतिशय दुबळ्या संघाचा मालक झाला. तिथे त्याच्या हातून त्याची सर्वांत गाजलेली आणि सर्वांत वादग्रस्त करामत घडली. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या टापूतून चेंडू गेला तरच तो वैध. चार चेंडू त्याबाहेर गेले तर फलंदाजाला पहिला बेस आयता मिळतो. १९ ऑगस्ट १९५१ रोजी व्हेकने एडी गेडेल या ३ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला पाठीवर १/८ हा आकडा लावून फलंदाजीला पाठवले. बॉब केन या गोलंदाजाचे चारही चेंडू वरून गेले, गेडेल पहिल्या बेसवर पोहोचला, टोपी हलवत परतला आणि प्रेक्षक बेभान झाले. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी त्याचा करार रद्द केला.

आज हा प्रसंग वाचताना हसू येते आणि ते अर्ध्यावर थांबतेही. गर्दी हसत होती ती युक्तीला की माणसाच्या उंचीला? गेडेल १९६१ साली, मारहाणीनंतर, ३६ व्या वर्षी वारला. बेसबॉलच्या जगातून त्याच्या अंत्यसंस्काराला आला तो एकटा बॉब केन, ज्याचे चार चेंडू वरून गेले होते तो. गर्दीला खूश करण्याच्या धंद्यात ज्याच्यावर हसू ओढवते त्याचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न व्हेकच्या चाहत्यांनाही टाळता येणार नाही.

त्याच आठवड्यात, २४ ऑगस्टला, त्याने केलेला प्रयोग मात्र निखळ आनंदाचा होता. प्रशिक्षकाला चपला घालून, तोंडात पाइप देऊन डोलखुर्चीत बसवले आणि हजारावर प्रेक्षकांच्या हातात होय आणि नाही असे फलक दिले. बेस चोरायला पळावे का? गोलंदाज बदलावा का? लोक फलक दाखवत आणि संघ तसे करी. सतत हरणाऱ्या ब्राउन्सनी त्या दिवशी सामना ५–३ असा जिंकला! घरोघरी खुर्चीत बसून संघनिवड करणाऱ्या सर्व जाणकारांचा तो विजय होता.

पण इतर मालकांना हा माणूस डोळ्यांत खुपत होता. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा पाहुण्या संघालाही मिळावा, असे तो उघड म्हणे. १९५३ साली त्याला संघ बाल्टिमोरला हलवायचा होता, तेव्हा बाकीच्या मालकांनी त्याची वाट अडवली. कर्जाने वाकलेल्या व्हेकने संघ विकताच, तोच संघ बाल्टिमोरला न्यायला त्यांनी परवानगी दिली. १९५९ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी शिकागोच्याच दुसऱ्या संघाचा, व्हाइट सॉक्सचा मालक म्हणून. त्या वर्षी संघाने ४० वर्षांनी लीगचे अजिंक्यपद मिळवले. १९६० साली होमरन मारली की फटाके उडवणारा धावफलक त्याने उभारला आणि खेळाडूंच्या पाठीवर त्यांची आडनावे लिहवून घेतली. लांबच्या बाकावरच्या माणसालाही कळले पाहिजे ना, कोण खेळतोय ते! पुढच्याच वर्षी प्रकृतीने दगा दिला आणि त्याने संघ विकला.

खेळाडू एका संघाशी बांधला गेला की मालकाच्या मर्जीशिवाय त्याची सुटका नाही, अशी तेव्हा बेसबॉलमध्ये पद्धत होती. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९७० साली व्हेकने त्याच्या बाजूने साक्ष दिली. नियती कशी असते पाहा. १९७५ च्या डिसेंबरात व्हेकने व्हाइट सॉक्स पुन्हा विकत घेतला आणि त्याच महिन्यात एका लवादाच्या निकालाने ती जुनी बेडी तुटली. खेळाडू स्वतंत्र झाले, त्यांचे भाव वाढले आणि ज्याच्या खिशात पैसे कमी तो व्हेक मागे पडू लागला. ज्या न्यायासाठी साक्ष दिली, त्याच न्यायाने त्याचे दिवाळे काढले. म्हणून काही ती साक्ष चुकीची ठरत नाही.

पैसे नव्हते, पण कल्पना होत्या. १९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष. हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्याला व्हेक स्वतः जखमी बासरीवाल्या सैनिकाचे सोंग घेऊन मैदानात उतरला. सोंगासाठी लाकडी पाय शोधायला नको होता. त्याच वर्षी त्याच्या ध्यानात आले, की समालोचक हॅरी केरी मध्यंतरात स्वतःशीच बेसबॉलचे जुने गाणे गुणगुणतो आणि जवळपासचे लोक सूर मिळवतात. एके दिवशी व्हेकने केरीला न सांगता ध्वनिक्षेपक चालू ठेवला. अख्खे मैदान गाऊ लागले. पुढे १९८२ मध्ये केरी कब्सकडे गेला आणि ती प्रथा रिग्ली फील्डवर गेली. आजही तिथे सातव्या डावात हजारो गळे एकत्र गातात.

आणि मग आली १२ जुलै १९७९ ची रात्र. कल्पना व्हेकचा मुलगा माइक आणि नभोवाणीवरचा निवेदक स्टीव्ह डाल यांची. डिस्को संगीताची एक तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये आत या आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्या तबकड्या स्फोटाने उडवल्या जातील. सुमारे ५० हजार लोक आत घुसले, हजारो बाहेर अडकले. स्फोट झाला आणि जमाव मैदानात उतरला. गवत उखडले गेले, जागोजागी आगी पेटल्या. लाकडी पायावर उभा राहून व्हेक ध्वनिक्षेपकातून लोकांना जागेवर जाण्याची विनवणी करत राहिला. ज्या गर्दीवर त्याने जन्मभर जीव लावला, तिने त्या रात्री त्याचे ऐकले नाही. अखेर पोलीस आले. दुसरा सामना व्हाइट सॉक्सने गमावला असे जाहीर झाले. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीयांचे आणि समलिंगी तरुणांचे संगीत. त्यामुळे त्या आगीत निव्वळ दंगामस्ती नव्हती, द्वेषाचाही धूर होता, असे पुढे अनेकांनी लिहिले. डोबीला मैदानात आणणाऱ्या माणसाच्या अंगणात हे घडावे, याहून मोठे दुःख कोणते?

म्हणून व्हेकचे आयुष्य म्हणजे गर्दीचे स्तोत्र नव्हे. गर्दीची माफी मागावी, तिला नाश्ता द्यावा, तिच्याकडून सल्ला घ्यावा, पण वेळप्रसंगी तिच्या मनाविरुद्ध उभे राहण्याची हिंमतही ठेवावी. हे चारही ज्या वर्षी त्याला जमले, त्या वर्षी तो मोठा झाला. चौथे विसरले गेले तिथे तो हरला.

चाहत्यांचे मेळावे आता मोठे उद्योग झाले आहेत. प्रवेशाला पैसे, टोप्यांना पैसे. यात गैर काही नाही, व्हेकही काही दानधर्म करायला बसला नव्हता. फरक एवढाच, की तो लोकांना आधी पाहुणे मानायचा आणि नंतर गिऱ्हाईक. हॉटेलच्या त्या दालनात एखादा शाळकरी पोरगा उठून संघाच्या कारभाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारतो आणि कारभारी त्याला सरळ उत्तर देतो, तेवढ्यापुरता व्हेक अजून जिवंत आहे असे समजावे.

१९८१ च्या जानेवारीत त्याने व्हाइट सॉक्स विकला. नव्या मालकांशी त्याचे जमले नाही. मग हा चार-चार संघ गाजवलेला माणूस रिग्ली फील्डच्या बिनछताच्या स्वस्त बाकांवर जाऊन बसू लागला. उन्हाळ्यात उघड्या अंगाने, लाकडी पाय लांब करून, आजूबाजूच्या पोराटोरांशी गप्पा मारत तो सामने पाही. मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, बेसबॉलच्या सन्मानदालनात त्याला जागा मिळाली. तिथे त्याच्या नावाची पाटी आहे. आणि जिच्या मागच्या बाकांवर त्याने अखेरचे उन्हाळे काढले, त्या भिंतीवर त्याच्या पुढाकाराने लावलेली आयव्ही दर वसंतात नव्याने पालवते.